थोडं कमी वाजवा, म्हणजे नेमकं किती?

पत्र: "ताई, माझं वय २४. रावेर तालुक्यात राहतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाची संवादिनीतली विशारद झाली आहे. शाळेत तासिका तत्त्वावर संगीत शिकवतो. सप्ताह, कीर्तनं, नाट्यगीतांचे कार्यक्रम यांत पेटीवर असतो. मध्यंतरी जळगावात बाहेरगावच्या एका गायिकेच्या मैफलीला ठरलेले साथीदार पोहोचले नाहीत, म्हणून ऐनवेळी मला बसवलं. मी जीव ओतून वाजवलं, टाळ्याही पडल्या. उठताना बाई म्हणाल्या, 'हात गोड आहे, पण थोडं कमी वाजवत जा.' ते वाक्य डोक्यातून जात नाही. मला शास्त्रीय गायनाची साथ हेच काम करायचं आहे. त्यासाठी अलंकार ही पुढची परीक्षा करू का? पुण्याचा मावसभाऊ सांगतो की परदेशात गायकांना पियानोची साथ करण्याची चक्क पदवी मिळते, तर तू पियानोच शीक. वडील म्हणतात बी.एड. कर आणि केळीकडे बघ. शिवाय गाण्याच्या परीक्षेला बसणाऱ्या गावातल्या दोन मुली माझ्याकडे तालमीला येतात. मी गायक नाही, मग त्यांना काही सांगणं बरोबर आहे का? आणि पैसे घ्यावेत का?"
— पेटीवाला, रावेर

भाऊ,

त्या बाईंनी तुमचा अपमान केलेला नाही. साथ अजिबात पटली नाही तर आम्ही गाणारी माणसं काही बोलत नाही. पाकीट हातात ठेवतो, 'छान झालं' म्हणतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्याला फोन करतो. तुम्हाला त्यांनी एक वाक्य दिलं, म्हणजे सांगून उपयोग होईल असं त्यांना वाटलं. ते वाक्य गाणाऱ्याच्या जागेवरून कसं ऐकू येतं तेवढं सांगते, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

जास्त वाजवण्याची सवय तुम्हाला सप्ताहातून लागली आहे आणि तिथे ती बरोबरच आहे. उघडा मंडप, पखवाज, पंचवीस-तीस टाळकरी, मागे गाव. अशा ठिकाणी पेटी भरून वाजली नाही तर चाल ढासळते. कीर्तनकाराने चरण उचलायच्या आत सूर दाखवायचा, चाल पुढे ओढायची, श्वासाची जागा भरून काढायची, हे त्या पेटीचं कामच आहे. आपल्याकडचे बरेच उत्तम पेटीवाले याच मंडपात तयार झालेत, त्यामुळे ते सोडा असं मी मुळीच म्हणणार नाही. ख्यालात मात्र पुढे कुणी चालायचं हे ठरलेलं असतं, आणि ते तुम्ही नसता. आलापीला पेटी ठिबकसारखी हवी. तुम्ही पाट सोडला होता, एवढंच.

आता 'कमी' म्हणजे काय ते सुटं करून बघू. सगळ्यात सोपी गोष्ट आवाजाची. आलाप चालू असताना कपलर, म्हणजे एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टीही वाजवणारी सोय, बंद ठेवा. खर्ज (जाड) आणि नर हे सुरांचे दोन्ही संच उघडे असतील तर एक बंद करा. भाता असा चालवा की हवा कधी संपली आणि कधी भरली ते कळू नये. साउंडवाल्याला आधीच सांगा की पेटीचा माईक गायकाच्या माईकपेक्षा बराच खाली ठेव. आपल्याकडे ही मंडळी पेटी, तबला, गळा सगळं एका रांगेत चढवतात आणि दोष पेटीवाल्याला लागतो.

दुसरी गोष्ट वेळेची. गायक सूर उपजत जातो, तो पुढे कुठे जाणार हे तुम्हाला कळलेलं असतं, कारण राग तुम्हालाही येतो. नेमकं तेच लपवायचं असतं. मी पंधरा मिनिटं मध्य सप्तकात रेंगाळून श्रोत्याला तार षड्जाची ओढ लावत असेन आणि मी निषादावर पोहोचताच पेटीने वरचा षड्ज वाजवून टाकला, तर माझी सगळी मेहनत गेली. बंदिशीचा मुखडा बरोबरीने वाजवा, समेला हजर राहा, पण उपज, म्हणजे गायकाला ऐनवेळी सुचणारं गाणं, चालू असताना तसूभर मागेच. मी श्वास घेतला की माझं शेवटचं वाक्य हळू आवाजात परत म्हणा आणि मी जिथे थांबले त्याच सुरावर थांबा. त्या पोकळीत स्वतःची जागा घालायचा मोह फार होतो. टाळ्या तिथेच पडतात, म्हणून होतो. तुमच्या पत्रातल्या टाळ्या बहुधा तशाच जागांच्या असणार, असा मला दाट संशय आहे.

तिसरी गोष्ट पेटीच्या अंगच्या मर्यादेची. आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून पेटीवर बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्या बंदीवर आपण पेटीवाले-गाणारे अजून चिडतो, पण टीकाकारांचे दोन मुद्दे खोटे नव्हते. पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, नाही आणि तिचे सूर समान अंतरावर कापलेले आहेत. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार ३८६च्या आसपास असतो, पेटीचा ४००वर. चौदा सेंटचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. भूप रागाचा गंधार लावून बसलेल्या गायकाच्या कानात तो टोचतो. म्हणून गायक गंधारावर स्थिरावला की तुम्ही तो सूर दाबून धरू नका. स्पर्श करून षड्जावर या. दरबारी रागात तर याहून जपायला हवं. तिथला गंधार एका ठिकाणी उभाच राहत नाही, आंदोलत असतो आणि पेटीच्या कोमल गंधाराच्या खालीच असतो. गायक तिथे झोके घेत असताना तुम्ही ती पट्टी दाबलीत की दोन गंधार भांडायला लागतात. हलका षड्ज धरा, नाहीतर सरळ हात उचला. तोडीच्या गंधाराचं, भैरवाच्या रिषभाचं तेच. सारंगी त्या जागी गळ्याबरोबर जाऊ शकते, पेटी नाही. ज्याला हे मान्य आहे तोच पेटीवाला दरबारीत सुंदर वाजवतो.

आणि चौथी गोष्ट, जी कुठल्याही परीक्षेत कुणी विचारत नाही. मारवा, पूरिया, सोहनी हे तीन राग घ्या. सूर तेच: रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. पट्ट्यांवर बोटं तीच पडणार. पण मारव्यात रिषभ-धैवताचं राज्य असतं आणि षड्ज मुद्दाम लांबवलेला असतो. पूरिया खाली मंद्रात, गंधार-निषादाच्या आधाराने बसतो. सोहनी वर तार षड्जाभोवती चमकते. मारवा चालू असताना तुम्ही सवयीने दर वाक्याला षड्जावर येऊन बसलात, तर एकही सूर न चुकता तुम्ही राग पुसून टाकला. गायकाला हे जाणवतं, पण मैफलीत थांबून सांगता येत नाही. मग उठताना तो एवढंच म्हणतो, थोडं कमी वाजवा.

तेव्हा अलंकार करायची का? माझं उत्तर: आत्ता नको. परीक्षेला माझा विरोध नाही, नोकरीसाठी कागद लागतो हेही मला कळतं. पण या परीक्षा मुख्यतः तुमचं एकल वादन तपासतात. तुम्ही राग किती मांडता, तान किती स्वच्छ, ताल किती पक्का. त्यात तुम्ही आधीच चांगले आहात आणि अलंकारने तुम्ही आणखी वाजवायला शिकाल. तुम्हाला सध्या नेमकं त्याच्या उलट शिकायचं आहे. ते पेटीच्या गुरूकडे निम्मंच मिळेल. उरलेलं निम्मं गायकाकडे आहे. माझं म्हणणं एवढंच आहे: पुढची दोन-तीन वर्षं पेटी थोडी बाजूला ठेवून गळ्याची तालीम घ्या. गायक व्हायला नाही. तुमचा आवाज कसा आहे याच्याशी मला देणंघेणं नाही. बंदिश तोंडाने म्हटल्याशिवाय तिचा श्वास कुठे तुटतो ते बोटांना कळत नाही.

मावसभाऊ सांगतो ते खोटं नाही. अमेरिकेत ग्वेंडोलिन कोल्डॉफ्स्की या पियानोवादक बाईंनी १९४७ साली लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात साथीचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू केला, आणि आता तिकडच्या बहुतेक मोठ्या संगीतशाळांत असे अभ्यासक्रम आहेत. ऑपेरा कंपन्यांत तर रेपेतितर नावाचा एक खास पियानोवादकच असतो. शंभर वाद्यांचा वाद्यवृंद रोज तालमीला बोलावणं परवडत नाही, म्हणून हा एकटा माणूस सगळ्या वाद्यवृंदाचा सारांश पियानोवर वाजवतो, गैरहजर पात्राची ओळ स्वतः गाऊन देतो, गायकाचा चुकलेला सूर आणि चुकलेला उच्चार दोन्ही दुरुस्त करतो आणि एक डोळा संचालकाच्या हातावर ठेवतो. त्यासाठी इटालियन, जर्मन आणि फ्रेंच या भाषांचे उच्चार आणि अर्थ शिकावे लागतात. गायकाची पट्टी, म्हणजे मूळ षड्जाची उंची, बदलली की समोरच्या कागदावरचं संगीत तिथल्या तिथे दुसऱ्या पट्टीत वाजवावं लागतं. लंडनच्या नॅशनल ऑपेरा स्टुडिओत तर निवडक तरुण गायकांच्या बरोबरीने मोजक्या रेपेतितरांनाही घेतात आणि दोघांना एकत्र तयार करतात.

तिकडच्या साथीदारांत जेराल्ड मूर (१८९९–१९८७) हे नाव फार मोठं. १९६७ साली त्यांनी मैफलींतून निवृत्ती घेतली तेव्हा लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये श्वार्झकॉफ, दे लॉस आंखेलेस आणि फिशर-डिस्काऊ हे त्या काळचे तीन अव्वल गायक त्यांच्यासाठी गायले. निरोप समारंभ साथीदाराचा आणि गायला हे तिघं; आपल्याकडे अजून असं फारसं होत नाही, व्हायला हवं. या गृहस्थांनी १९६२ साली आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या नावातच विचारलं आहे: माझा आवाज फार होतोय का? तेव्हा भाऊ, तुम्हाला मिळालेला शेरा चांगल्या घरचा आहे.

म्हणून पियानो शिकायचा का? हौस असेल तर जरूर शिका, पण या कामासाठी नको. ती साथ लिहिलेल्या संगीताची आहे. ऑस्ट्रियन रचनाकार शूबर्टच्या गाण्यात पियानोची ओळ गाण्याच्या ओळीइतकीच त्याने लिहून ठेवलेली असते, आणि तिथली कसोटी ती ओळ गायकाच्या श्वासाबरोबर वाजवण्याची आहे. आपल्याकडे लिहिलेलं काहीच नसतं, ऐकता ऐकता वाजवायचं असतं. चोविसाव्या वर्षी पाश्चात्त्य पियानो पहिल्या इयत्तेपासून धरून तिकडच्या पदवीपर्यंत पोहोचायचं म्हणजे आयुष्याचा मधला तुकडा खर्ची घालणं, आणि हातात असलेली पेटी गंजत ठेवणं. त्यांच्या अभ्यासक्रमातलं जे उपयोगी आहे ते मात्र बिनदिक्कत उचला.

त्यांची इटालियन-जर्मन, तशी तुमची ब्रज. किती पेटीवाल्यांना बंदिशीचे शब्द पूर्ण माहीत असतात? सूर माहीत असतात. शब्द कळला की कुठली मात्रा लांबणार, बोलबनाव (शब्द घोळवत गाणं) कुठे होणार याचा अंदाज येतो. प्रत्येक बंदिश वहीत शब्दांसकट उतरवा, अर्थ विचारा, मोठ्याने वाचा. गोविंदराव पटवर्धनांच्या पेटीतून नाट्यपदाचे शब्द ऐकू येतात असं लोक म्हणत, ते काही जादूने नव्हतं. पदं तोंडपाठ असल्याशिवाय बोटं असं बोलत नाहीत.

त्यांचं पट्टी बदलणं, तसं तुमचंही. तुमच्याकडे स्केलचेंजर (पट्ट्या सरकवून षड्ज बदलता येतो अशी पेटी) असेल तर तो काही महिने कुलूपबंद ठेवा. बाई बहुधा काळी चार-काळी पाचच्या आसपास गाणार, पुरुष काळी एक-काळी दोनच्या, पण आजारी गळा ऐनवेळी अर्धी पट्टी खाली येतो. बाराही पट्ट्यांतून निदान वीस राग न अडखळता वाजले पाहिजेत. हे काम कंटाळवाणं आहे, त्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं नाही. पहाटे उठून करायचं.

त्यांच्या घराणेदार शैली असतात तशा आपल्याकडे खरोखरीच घराणी आहेत, आणि साथ घराण्यागणिक बदलते. किराण्याचा गायक एकेक सूर कोरत नेतो. तिथे तुमचं काम टिकवून धरण्याचं. आग्र्याचा गायक नोमतोम, म्हणजे 'नोम-तोम' अशा अक्षरांवर आलाप, करील, लयीशी खेळेल. तिथे तुमचा हात ठेक्याला धरून आणि हलका. जयपूर-अत्रौलीचा गायक बसंती केदार किंवा खोकर असा राग काढून बसला तर आधी त्याचं चलन (सुरांची चाल) माहीत असायला हवं, नाहीतर दोन रागांच्या सांध्यावर तुम्ही पकडले जाता. अनवट राग माहीत नसेल तर त्यातला सगळ्यात मोठा शहाणपणा म्हणजे षड्ज धरून बसणं आणि पहिली दहा मिनिटं नुसतं ऐकणं. लाज वाटू देऊ नका. समोरचा गायक मनातून दुवा देईल.

ऐकण्याचंही शिक्षण घ्यावं लागतं. अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर, पुरुषोत्तम वालावलकर, गोविंदराव यांच्या साथीची ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. एक मैफल घ्या आणि गायकाकडे पूर्ण दुर्लक्ष करून फक्त पेटी ऐका. पेटी कुठे गप्प आहे ते वहीत लिहा. किती मिनिटाला, कुठल्या सुरावर, का. बोरकरबुवा पेटीवादक पी. मधुकरांचे शिष्य, स्वतः उत्तम एकल वादक. साथीला बसल्यावर त्यातलं किती झाकून ठेवत ते लक्षात घ्या. जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवाला तुम्ही जात असालच. पुढच्या वेळी प्रेक्षकांच्या उजव्या अंगाच्या खुर्चीवर बसा, म्हणजे गायकाच्या डाव्या हाताला बसलेल्या पेटीवाल्याची बोटं आणि नजर दिसेल. नजर पट्ट्यांवर असते की गायकाच्या गळ्यावर, तेवढं बघितलंत तरी तिकीट वसूल.

पेटीविषयी एक व्यावहारिक गोष्ट. आपल्याकडचा उन्हाळा वाद्याचा वैरी आहे. भुसावळ-रावेरकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा लाकूड सुकून आकसतं, भात्याच्या आणि पट्ट्यांखालच्या फटींतून हवा गळायला लागते, आणि हवा गळली की हळू वाजवताच येत नाही. जोर लावावा लागतो आणि मग परत तेच, जास्त वाजतं. पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात. पत्र्याच्या खोलीत, टेम्पोच्या टपावर पेटी ठेवू नका. मे महिना संपला की कारागिराकडून दुरुस्ती आणि सूर-जुळणी करून घ्या. कुणी गांधार ट्यूनिंग, म्हणजे एका पट्टीचा गंधार तंबोऱ्याप्रमाणे लावून, देतो म्हणाला तर आत्ता करू नका. तो गंधार कानाला सुखावतो खरा, पण एकाच पट्टीपुरता. तुम्हाला तर दर मैफलीला नवी पट्टी मिळणार आहे.

आता त्या दोन मुली. त्यांना तुम्ही जरूर सांगा, आणि काय सांगायचं याची हद्द पक्की करा. पश्चिमेत गळा घडवणारा शिक्षक वेगळा आणि तालीम करून घेणारा पियानोवादक वेगळा असतो. दुसरा पहिल्याच्या कामात हात घालत नाही. आपल्या संगीत नाटक कंपन्यांत पेटीवर किंवा ऑर्गनवर बसणारे मास्तर नटांकडून पदं पक्की करून घेत, ते याच जातीचं काम. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) मुळात नावाजलेले पेटीवादक आणि १९११च्या 'मानापमान'च्या चाली त्यांच्या. चांगल्या साथीदाराला गाणं कुठे अडलंय ते गाणाऱ्याच्या आधी कळतं, यावर आपला विश्वास जुना आहे.

तेव्हा मुलींची मात्रा कुठे निसटते, सम कुठे हुकते, अंतऱ्याचा शब्द कुठे चुकीचा तुटतो, तान घाईत कुठला सूर गिळते, हे सगळं तुमचं. आवाज कसा लावायचा, गळा का दुखतो, आकार कसा उघडायचा, हे त्यांच्या गुरूचं. तिथे 'तुझ्या बाईंना विचार' एवढंच म्हणायचं. त्या बाई किंवा सर कोण आहेत त्यांना एकदा भेटून या, नाहीतर दोन तोंडांनी दोन गोष्टी ऐकून मुली गोंधळतील आणि खापर तुमच्यावर फुटेल. आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं: तालमीत पूर्ण वेळ त्यांच्या गळ्याखाली पेटी धरू नका. पेटीला टेकून गाणाऱ्या मुलींना पेटी काढली की सूर सापडत नाही. मोबाईलवर तंबोरा लावा, बंदिश एकदा वाजवून दाखवा आणि हात मांडीवर ठेवा. अडल्या तर तेवढाच सूर द्या. याने त्यांचा गंधारही तंबोऱ्याचा राहील, पेटीचा होणार नाही. तुमचं ऐकणंही याच तासात तयार होईल. मैफलीत एवढी सवड मिळत नाही.

पैसे घ्या. किती ते गावाच्या मानाने ठरवा, पण दरमहा ठरलेले घ्या आणि परीक्षेच्या दिवशीच्या साथीचे वेगळे. 'बुवांनी आपुलकीने केलं' या वाक्याने खान्देशात किती पेटीवाल्यांची पन्नाशी रिकाम्या खिशाने आली आहे ते मी पाहते आहे. मैफलीची बिदागीही आधी बोलून घ्या, गाडीभाड्यासकट. आयोजक संकोचतात म्हणून आपणही संकोचायचं, हे काही शिष्टाचाराचं लक्षण नाही.

वडिलांशी भांडू नका. फक्त शास्त्रीय साथीवर रावेरात घर चालणार नाही, हे त्यांना तुमच्याइतकंच ठाऊक आहे. मैफलींचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत, बाकीचं वर्ष कोरडं. अशा वेळी घरची केळी हा तुमचा मोठा आधार आहे. पोटासाठी मिळेल तो कार्यक्रम घ्यावा लागत नाही, शिकायला वेळ काढता येतो. पुण्या-मुंबईत भाड्याच्या खोलीत राहून हेच करणाऱ्या मुलांना विचारा. बी.एड.चं म्हणाल तर तो दोन वर्षांचा पूर्ण वेळ अभ्यास आहे, आणि गळ्याची तालीम व बी.एड. एकदम जमणार नाही. आधी तालीम. बी.एड. तिशीतही करता येतं, कान मात्र जितक्या लवकर लागेल तितका बरा. पुण्यात राहण्याची सोय होणार असेल तर विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गुरुकुल पद्धतीने शिकवतात. तिथे त्या वर्षी संवादिनी आहे की नाही ते प्रवेशाआधी विचारून घ्या. पण मला विचाराल तर तुमची पहिली निवड जवळच्या गायकाची असावी. जळगाव, धुळे, फार तर नाशिक, म्हणजे आठवड्यातून दोनदा रेल्वेने जाऊन येता येईल.

गायक शोधताना मोठं नाव बघू नका. रोज स्वतः रियाज करणारा आणि शिष्यांना तुमच्यासमोर शिकवणारा बघा. त्या जळगावच्या मैफलीतल्या बाईंना सरळ पत्र लिहा: 'तुम्ही म्हणालात कमी वाजवत जा, ते शिकायचं आहे, तुमच्या परिचयातलं या भागात कुणी आहे का?' बरेच गायक अशा पत्राला उत्तर देतात. गुरू भेटले की पहिले काही महिने पेटी घरीच राहू द्या. बसून बंदिशी म्हणा, तंबोरा छेडा, इतर शिष्यांचा पाठ ऐका. गुरू म्हणतील तेव्हा पेटी न्या.

राहिला खर्च. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती असते: वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं, गुरूकडे राहून किंवा जाऊन शिकण्यासाठी. पेटी त्यात कुठल्या गटात बसते ते जाहिरातीत नीट वाचा. बसत नसेल तर गायनाखाली अर्ज करण्याइतकी तयारी वर्षभरात होते का ते गुरूंना विचारा. अर्जाला गुरूंचं नाव आणि संमती लागते, म्हणून आधी गुरू ठरवा, मग अर्ज भरा, आणि दोन्ही पंचविशी उलटायच्या आत.